सांध्याचा तास

त्या खोलीत तीन टेबलं, दोन कपाटं आणि एक अबोला होता. सगळ्यात जास्त जागा अबोल्याने अडवली होती.

विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागातली ही अध्यापकांची खोली. खिडकीजवळचं टेबल थोरल्या बाईंचं, दाराजवळचं धाकट्या बाईंचं. ही नावं विद्यार्थ्यांनी ठेवलेली. दोघी बहिणी नव्हेत, जावाही नव्हेत. धाकटी ही एकेकाळची थोरल्यांचीच विद्यार्थिनी, त्यांच्याच हाताखाली पीएच.डी. केलेली आणि त्यांच्याच शिफारशीने इथे नोकरीला लागलेली. पूर्वी दोन्ही कपाटं भिंतीला टेकून उभी असत आणि दोघी खुर्च्या वळवून तासन्‌तास बोलत बसत. आता कपाटं खोलीच्या मधोमध होती. थोरल्यांनी एका सोमवारी ती हलवून घेतली. का, तर म्हणे डोळ्यांवर उजेड येतो. खिडकी त्यांच्या पाठीमागे होती.

तिसरं टेबल एका सज्जन गृहस्थांचं. ते प्रयोगशाळेचे तास घ्यायचे, आणि कुणी काहीही म्हटलं तरी ‘हो ना’ म्हणायचे. विद्यार्थी त्यांना होना सर म्हणत, मग सगळा विभाग म्हणू लागला. पगारपत्रक सोडलं तर त्यांचं खरं नाव आता कुठेच उरलं नव्हतं.

भांडण म्हणाल तर एका बैठकीतलं. निकाल घसरला होता, विभागप्रमुख प्रत्येकाला कारण विचारत होते, आणि धाकटीची पाळी आली तेव्हा तिच्याआधी थोरल्याच बोलल्या. “पोरांना हसवलं म्हणजे शिकवलं असं होत नाही. हिची शिफारस मीच केली होती. जरा घाई झाली माझी.” सगळ्या विभागासमोर! धाकटीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. क्षणभर विचार केला असता तर ती गप्प बसली असती, पण तेवढा धीर कुणाला? “माझी पोरं हसतात तरी, बाई,” ती म्हणाली. “तुमच्या तासाला झोपतात. तुमच्या नोट्स मी विद्यार्थिनी होते तेव्हाही पिवळ्याच होत्या.”

दोन्ही बोलण्यांत थोडं थोडं खरं होतं, म्हणूनच ती लागली. दुसऱ्या दिवसापासून थोरल्यांच्या तोंडचं ‘अगं’ नाहीसं झालं. ‘अगं, चहा घे’, ‘अगं, हे गणित बघ’ म्हणणाऱ्या बाई आता तिला ‘मॅडम’ म्हणू लागल्या, आणि तेही तिच्याशी बोलताना नव्हे, होना सरांशी.

“सर, मॅडमना विचारा, पंखा कमी केला तर चालेल का?”

मॅडम कपाटापलीकडे चार हातांवर बसलेल्या. होना सर बिचारे मान वळवायचे. “मॅडम, पंखा कमी केला तर...”

“ऐकलं मी. त्यांना सांगा, मला उकडतंय.”

“बाई, मॅडमना उकडतंय.”

“मग राहू दे म्हणावं. मी शाल आणीन उद्यापासून.”

अख्खा दिवस असा चालायचा. बाहेरच्या माणसाला हसू आलं असतं. धाकटीला रडू यायचं, आणि रडू आल्याचाच पुन्हा संताप यायचा. एवढी शिकलेली आपण, आणि एका पंख्यावरून रडायचं!

घरीही सुटका नव्हती. भाजी चिरताना ती पुटपुटत असायची. बैठकीत काय म्हणायला हवं होतं, उद्या त्या काही बोलल्याच तर काय सुनवायचं, याची रोज नवी तालीम. नवरा विम्याच्या कचेरीत होता. त्याचं म्हणणं, ऑफिस ऑफिसातच ठेवून यावं माणसाने. त्याचं ऑफिस खरोखरच कुलूप लावून ठेवता येण्यासारखं होतं. तिचं डोक्यात होतं, ते ती कुठे ठेवून येणार?

“कुणाशी बोलतेस?” तो विचारायचा.

“कुणाशी नाही.”

“मग जरा हळू. त्या गाजराने काय वाकडं केलंय तुझं?”

खरं नुकसान होत होतं ते वर्गात. पूर्वी तिच्या तासाला दुसऱ्या विभागातली मुलंसुद्धा मागच्या बाकांवर येऊन बसायची. आता ती फळ्यावर उष्णतेचं समीकरण अर्ध्यापर्यंत आणायची आणि पुढची पायरी आठवायचीच नाही. त्याऐवजी ‘जरा घाई झाली माझी’ आठवायचं. खडू हवेत धरून ती तशीच फळ्याकडे तोंड करून उभी राहायची. मुलांना वाटायचं, बाई विचार करतायत. बाई विचार करतच असायच्या, फक्त उष्णतेचा नव्हे. एकदा पहिल्या बाकावरची एक मुलगी मध्येच फिसकन हसली, तर धाकटीने तिला सरळ वर्गाबाहेर काढलं. मागाहून कळलं, शेजारणीने वहीत काढलेल्या उंदराला ती हसली होती. जिचा वर्ग हसरा म्हणून ओळखला जायचा, तिने हसण्यावरून पोरीला बाहेर उभं केलं! त्यानंतर कुणी हसेना, आणि कुणी काही विचारेनाही. बाई अंगावर येतात, असं एकमेकांना सांगून मुलं मुकाट्याने लिहून घेऊ लागली. थोरल्यांचं म्हणणं खरं करून दाखवायला जणू धाकटीनेच कंबर कसली होती. हे तिला कळत होतं, आणि कळत असूनही थांबवता येत नव्हतं.

तिने विभागप्रमुखांकडे एकदा विषय काढून पाहिला. ते म्हणाले, “तुमचं आपसातलं आहे, आपसात मिटवा.” आपसात मिटवता आलं असतं तर ती त्यांच्या दाराशी कशाला गेली असती? पण तक्रार कानावर आली म्हणजे काहीतरी केल्यासारखं दिसायला हवं. विद्यापीठाने मग अध्यापकांसाठी ‘कामाच्या ठिकाणचे नातेसंबंध’ अशी एक कार्यशाळा ठेवली. गोड आवाजाचे एक मार्गदर्शक आले. त्यांनी प्रत्येकाला एक फुगा दिला आणि सांगितलं, मनातली सगळी कटुता यात फुंका आणि मग टाचणीने फोडून टाका. मोठमोठे प्राध्यापक गाल फुगवून फुंकू लागले. धाकटीने आपला फोडला. नुसता आवाज झाला, आत होतं ते आतच राहिलं. थोरल्यांनी मात्र आपला फुगवला, घट्ट गाठ मारली, काखेत धरून खोलीवर आणला आणि कपाटावर ठेवून दिला. पुढे कितीतरी आठवडे तो तिथे होता. हळूहळू बारीक झाला, सुरकुतला, पण बाईंनी तो टाकला नाही आणि झाडणाऱ्यालाही टाकू दिला नाही.

आता उष्णतेच्या पेपराचं सांगायला हवं, कारण सगळं पुढे तिथेच येऊन आदळलं.

शेवटच्या वर्षाच्या मुलांना हा विषय दोघी मिळून शिकवत. पहिला अर्धा थोरल्यांचा: तापमान, दाब, उष्णता कुठून कुठे जाते त्याचे नियम. सगळा मामला हाताला लागणाऱ्या वस्तूंचा. दुसरा अर्धा धाकटीचा: त्याच वस्तूंच्या पोटातले अब्जावधी कण आणि त्यांची धावपळ. पण या दोन अर्ध्यांचा सांधा कुठे जुळतो, कणांच्या बेशिस्त धावपळीतून उष्णतेचा नियम उभा कसा राहतो, हे अभ्यासक्रमात धड कुणाच्याच वाट्याला दिलेलं नव्हतं. ते शिकवायची दोघींची एक रीत होती. मध्यावर एक तास दोघी एकदम वर्गावर जायच्या, दोघींच्या हातात खडू, टेबलावर एक चहाचा कप, आणि मुलांसमोर चक्क भांडायच्या. थोरल्या म्हणायच्या, हा चहा गार होणार आणि गार झालेला आपोआप पुन्हा गरम होणार नाही. हा नियम आहे. तुझ्या कणांची मला गरज नाही. धाकटी म्हणायची, नियम कसला बाई, नुसती शक्यता आहे. सगळ्या कणांनी एकदम मनावर घेतलं तर होईलही गरम, फक्त ते घेत नाहीत. मुलं बाजू घ्यायची, गलका व्हायचा, आणि तास संपता संपता दोघींची समीकरणं फळ्यावर एकाच जागी येऊन भेटायची. विद्यार्थी त्याला सांध्याचा तास म्हणत. तो ज्याने ऐकला त्याला पुढचं सगळं सोपं जाई.

या वर्षी तो कधी घ्यायचा हे ठरवायचं, तर एकमेकींशी बोलावं लागणार होतं. तिथे घोडं अडलं. थोरल्यांनी आपला अर्धा संपवला आणि वर्ग सोडला. धाकटीने होना सरांना हळूच विचारलं, “सर, सांध्याचा भाग बाईंनी उरकला असेल ना?”

“हो ना,” होना सर म्हणाले.

तिला वाईटच वाटलं. एकटीने उरकला तर! आपल्याशिवाय! त्या रागात तिने पुढची चौकशी केली नाही, आणि सरळ कणांपासून सुरुवात केली. मुलं लिहून घेत राहिली.

आणि अशात समितीची तारीख आली. धाकटीची नोकरी अजून कच्ची होती. ती पक्की करायची की नाही, हे ठरवायला तीन जण तिच्या वर्गात येऊन तास ऐकणार होते: बाहेरून आलेले एक तज्ज्ञ, विभागप्रमुख, आणि विभागातल्या सगळ्यात ज्येष्ठ अध्यापक म्हणून, दुसरं कोण, थोरल्या बाई. धाकटीचा जीव टांगणीला लागला. तिच्या या नोकरीसाठी नवऱ्याने मोठ्या पदावरची बदली नाकारली होती. नाकारताना एका शब्दाने बोलून दाखवलं नव्हतं, म्हणून ते जास्तच टोचायचं. शिवाय तिला शिकवण्याखेरीज काही येत नव्हतं, आणि तेही आता हातचं जात चाललं होतं. हा एक तास नीट झाला पाहिजे, एवढंच तिने मनाशी धरलं.

तयारी तिने झकास केली होती. त्या दिवशी सुरुवातही बरी झाली. तज्ज्ञ पुढच्या बाजूला खुर्चीत बसले होते, त्यांच्यासमोर चहा ठेवलेला. विभागप्रमुख त्यांच्या शेजारी. थोरल्या मुद्दाम शेवटच्या बाकावर, हाताची घडी घालून. धाकटीने कणांची मांडणी केली, समीकरण एकदाही न अडखळता पूर्ण केलं, आणि मग, वर्ग बोलता आहे हे समितीला दिसावं म्हणून, वळून विचारलं, “आता सांगा, हे तुमच्या पहिल्या अर्ध्यातल्या नियमाशी कुठे जुळतं?”

वर्ग चिडीचूप. तिने पुन्हा विचारलं. मुलं वह्यांत बघू लागली. तिने पहिल्या बाकावरच्या मुलीकडे बोट केलं, आणि बोट केल्यावर तिच्या लक्षात आलं की ही तीच, बाहेर काढलेली.

मुलगी उभी राहिली. “बाई, तो भाग झालाच नाही.”

“कुठला भाग?”

“सांध्याचा. मागच्या वर्षीच्या मुलांनी सांगितलं होतं, त्या तासाला दोन्ही बाई मिळून येतात म्हणून.” ती जरा घुटमळली. “आम्ही वाट बघत होतो.”

धाकटीच्या पायाखालची वाळू सरकली. म्हणजे गेले कित्येक आठवडे ही पोरं काहीही न कळता नुसती उतरवून घेत होती. तिने शेवटच्या बाकाकडे बघितलं. थोरल्यांच्या हाताची घडी सुटली होती, आणि चेहरा धाकटीइतकाच उतरला होता. पण तज्ज्ञांनी मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं, तशा त्या कोरड्या आवाजात म्हणाल्या, “तो भाग माझ्याकडे नव्हता.”

वर्षभर गाजरांपाशी घोकलेली सगळी वाक्यं धाकटीच्या जिभेवर येऊन उभी राहिली. माझ्याकडे तरी होता का? तुम्ही विचारलंत? एकदा तरी? ती बोलणारच होती. पण पहिल्या बाकावरची मुलगी अजून उभीच होती, आणि ती बाईंकडे नव्हे, फळ्याकडे बघत होती. अजूनही वाटच बघत होती कार्टी.

“बस,” धाकटी म्हणाली. तिने मेहनतीने लिहिलेलं सगळं समीकरण डस्टरने पुसून टाकलं. विभागप्रमुखांनी डोळे मोठे केले. ती तज्ज्ञांपाशी गेली. “सर, तुमचा चहा घेऊ का जरा?”

त्यांना वाटलं, बाईंना घोट हवाय. त्यांनी कप पुढे केला. तिने तो टेबलावर मधोमध ठेवला. “आजच घेऊ सांध्याचा तास. दोन बाई नाहीत, तर मी एकटीच दोघी होते.”

तिने चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढला, पदर खांद्यावर घट्ट केला, आणि थोरल्यांच्या आवाजात म्हणाली, “बघा हं. हा चहा गार होणार. बघा हं, होतोय.” वर्गात कुणीतरी खुदकन हसलं आणि लगेच तोंड दाबलं. “हसा,” धाकटी म्हणाली, “आज माफ आहे.” मग वर्ग खरोखरच हसला. ती डावीकडे उभी राहून थोरल्यांसारखी बोले, उजवीकडे जाऊन स्वतःसारखं उत्तर देई. कितीतरी दिवसांनी तिचा खडू कुठे अडत नव्हता. पुढची पायरी आठवावी लागत नव्हती, ती हातातूनच येत होती.

“बघा हं,” ती थोरल्यांच्या जागेवरून म्हणाली, “गार चहा गरम होत नाही, कारण पुस्तकात तसं लिहिलंय.”

“अगं, चूक!” मागून आवाज आला.

सगळा वर्ग गर्रकन वळला. थोरल्या उभ्या राहिल्या होत्या. “पुस्तकात लिहिलंय म्हणून? मी असं कधी म्हटलं? आयुष्यात कुणी गार चहा आपोआप गरम झालेला पाहिला नाही, म्हणून तो नियम आहे. माझ्या तोंडी भलतं काही घालू नकोस.”

“मग तुम्हीच सांगा ना!” धाकटीचा आवाज चढला. “इथे येऊन सांगा. तिथून काय सांगता?”

थोरल्या तरातरा पुढे आल्या, आणि फळीवरचा खडू त्यांनी उचलला.

दरवर्षीचं भांडण लुटुपुटीचं असे. हे नव्हतं. “तुमच्या नियमाला कारणच नाही,” धाकटी म्हणत होती, “नुसता हुकूम आहे!” आणि थोरल्या म्हणत होत्या, “तुझ्या कणांना शिस्त नाही, नुसती धावपळ! त्यातून निघतं काय?” “निघतं. तुम्ही थांबून बघाल तर निघेल.” “मग दाखव. बोलू नकोस, लिहून दाखव.” खडूचे तुकडे पडत होते, दोघींचे हात पांढरे झाले होते. मुलं एकेका बाजूने ओरडायला लागली. ती उंदराला हसणारी मुलगी बाकावरून अर्धवट उठून थोरल्यांनाच विचारत होती, “पण बाई, कण थोडेच असले तर? मोजकेच असले तर नियम मोडेल ना?” “वा!” थोरल्या म्हणाल्या, “ही तुझ्या पंगतीतली दिसतेय,” आणि हे त्या धाकटीला म्हणाल्या, सरळ तोंडाकडे बघून. तास संपल्याची घंटा झाली तेव्हा दोन्ही समीकरणं फळ्यावर वीतभर अंतरावर येऊन थांबली होती. चहा गार झाला होता.

विभागप्रमुखांच्या खोलीत मात्र पंखा चालू असूनही सगळ्यांना घाम आला होता.

“तास रंगला,” तज्ज्ञ म्हणाले. “माझा चहा गेला, पण त्याचं काही नाही. अडचण वेगळीच आहे. निरीक्षण मॅडमच्या अध्यापनाचं होतं. अर्धा वेळ तर बाई बोलत होत्या. मी मॅडमबद्दल लिहू काय? आणि मुळात एवढा महत्त्वाचा भाग राहिला कसा?”

“मी होना सरांना विचारलं होतं,” धाकटी म्हणाली, “बाईंनी घेतला ना म्हणून. ते हो म्हणाले.”

थोरल्या खाली बघत म्हणाल्या, “मीही त्यांनाच विचारलं होतं. मॅडम घेणार आहेत ना म्हणून.”

होना सरांना बोलावणं गेलं. ते आले, दारातच उभे राहिले.

“तुम्ही दोघींनाही हो म्हणालात?” विभागप्रमुखांनी विचारलं.

“हो ना,” होना सर म्हणाले.

तज्ज्ञांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “तुम्ही दोघी एकाच खोलीत बसता?”

“हो.”

“मग एकमेकींना का नाही विचारलं?”

धाकटी काय सांगणार? की एका बैठकीत त्या मला असं म्हणाल्या आणि मी त्यांना तसं म्हणाले? वर्षभर जे डोंगराएवढं वाटलं होतं, ते या परक्या माणसासमोर ठेवायला गेलं तर शरमेने मान खाली जावी एवढंसं होतं. आणि तरीही ते दुखत होतंच, हा त्यातला आणखी एक वैताग.

“काय लिहायचं ते दोघींचं लिहा,” थोरल्या अचानक म्हणाल्या. “चूक माझीही आहे. मध्ये बोलले तेही मी.”

तज्ज्ञांनी समोरचा छापील कागद उलटसुलट करून पाहिला. “तुमच्यासाठी यात रकाना नाही, बाई,” ते म्हणाले.

निर्णय झाला. नियमाप्रमाणे तास उमेदवाराने एकट्याने घ्यायला हवा होता, सबब तो धरता येत नाही. पुढच्या सत्रात पुन्हा निरीक्षण, तोवर नोकरी कच्चीच. विभागप्रमुख सहानुभूतीने म्हणाले, “तुम्ही तेवढं आपसात मिटवलं असतं, तर...” धाकटीला वाटलं, त्यांच्या टेबलावरचा पेपरवेट उचलून खिडकीबाहेर भिरकावून द्यावा. तिने नुसती खुर्ची सरकवली आणि ती बाहेर आली.

खोलीवर परतल्यावर कपाटाच्या दोन बाजूंना दोघी आपापल्या टेबलांपाशी बसल्या. होना सर मधल्या जागी. मग पलीकडून आवाज आला, “सर, मॅडमना सांगा...”

“सर,” धाकटी म्हणाली, “तुम्ही जरा बाहेर जाता का?”

“हो ना,” म्हणून ते अगदी सुटल्यासारखे निघून गेले.

“बोला,” धाकटी कपाटाकडे बघत म्हणाली. “मला सांगा काय सांगायचं ते. माझं अख्खं वर्ष गेलं, बाई. घरी जाऊन नवऱ्याला काय सांगू? आजच्यासारखा तास मी वर्षभरात घेतला नव्हता, आणि तोच नेमका धरला नाही. तुमच्याने मागे गप्प बसवलं नाही ना!”

“तू चुकीचं सांगत होतीस.”

“मुद्दाम सांगत होते?”

“ते मला काय माहीत?” थोरल्या म्हणाल्या. “वर्ष माझंही गेलं. आणि मला तर आता पुढचं एकच उरलंय.”

बाईंची निवृत्ती धाकटीच्या डोक्यातून पार निघून गेली होती. म्हणजे भांडणात एक अख्खा सांधा वाया घालवला, आणि उरलेला शेवटचा. तिचा राग काही ओसरला नाही, पण त्याला कुठे जावं ते कळेना.

“ते घाई झाल्याचं वाक्य परत घ्या,” ती म्हणाली. आवाज लहान मुलीसारखा निघाला, याची तिला लाज वाटली.

“नाही घेणार,” थोरल्या म्हणाल्या. “तेव्हा मला तसंच वाटलं होतं. तू घेशील परत? पिवळ्या नोट्सचं?”

“नाही. त्या पिवळ्याच आहेत.”

“बरं मग.”

“बरं.”

कपाटावरचा फुगा आता मुठीएवढा उरला होता. दोघींना एकमेकींची तोंडं दिसत नव्हती. दिसली असती तर कदाचित एवढंही बोलणं झालं नसतं.

“सांध्याचं राहिलेलं कधी घ्यायचं?” थोरल्यांनी विचारलं. “पोरांची परीक्षा तोंडावर आलीय.”

“उद्याचा पहिला तास माझा आहे.”

“येते. आणि ऐक, मी ‘बघा हं’ इतक्या वेळा म्हणत नाही.”

“म्हणता.”

“नाही म्हणत.”

“म्हणता, बाई. वर्गाला विचारा.”

पर्स उचलून थोरल्या निघाल्या, आणि दाराशी धाकटीच्या टेबलाजवळून जाताना नेहमीसारख्या दुसरीकडे तोंड करूनच गेल्या. फक्त जाता जाता पंख्याचं बटण एका घराने खाली केलं, न विचारता. धाकटीने उठून ते पुन्हा वर केलं.

संध्याकाळी घरी नवऱ्याने दार उघडताच तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि काय झालं ते विचारलं नाही. तिने आपणच सांगितलं. पुन्हा एक सत्र. तो “बरं” म्हणाला. ती बदली एव्हाना दुसऱ्या कुणालातरी मिळाली असेल, हे दोघांच्याही मनात येऊन गेलं, आणि दोघांनीही ते तोंडातून काढलं नाही. त्याच्या त्या समजूतदारपणाचाही तिला राग आला. ती ओट्यापाशी गेली, गाजरं काढली आणि चिरायला लागली.

थोड्या वेळाने तो मागे येऊन उभा राहिला. “आता कुणाशी भांडतेस?”

“बाईंशी.”

“अजून?”

“उद्याच्या तासाची तयारी आहे,” ती म्हणाली. “त्या म्हणतात, गार झालेला चहा आपोआप गरम होत नाही.”

त्याने एक तुकडा उचलून तोंडात टाकला. “मग? होतो का?”

तिची सुरी थांबली. “नाही,” ती म्हणाली. “एवढं त्यांचं बरोबर आहे. आपोआप नाही होत.”

आणि ती पुन्हा पहिल्यासारखीच रागारागाने चिरायला लागली.